गाडी जळाली, कंपनी म्हणते सीएनजीची नोंद नाही म्हणून क्लेम नाही. काय करू?

नाशिकची_ताई:
गेल्या महिन्यात कसारा घाटात आमची वॅगनआर जळाली. मिस्टर चालवत होते, मुलगी मागे. आधी एसीतून वायर जळल्याचा वास आला, मग ग्लोव्हबॉक्सखालून धूर, कडेला घेऊन उतरेपर्यंत डॅशबोर्डचं प्लास्टिक वितळून थेंब थेंब मॅटवर पडायला लागलं. मुलीला ओढून बाहेर काढलं, तिचं दप्तर आतच राहिलं. देवाची कृपा म्हणून तिघं वाचलो.
पुढचा भाग पूर्ण खाक झालाय पण डिकीतली सीएनजीची टाकी जशीच्या तशी आहे, सर्व्हेयरने तिचे फोटोही काढलेत. किट 2 वर्षांपूर्वी बाहेरून बसवलं, आरसीवर नोंद केली, पण पॉलिसीत अजून पेट्रोलच. एजंट दरवर्षी रिन्यू करून द्यायचा, आम्ही कधी उघडून बघितलंच नाही. आता पत्र आलंय की किटची माहिती दिली नाही, क्लेम नामंजूर. फुल इन्शुरन्स आहे, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) 3 लाख 40 हजार, बँकेचे हप्ते चालूच आहेत. एजंट म्हणतो विसरून जा. खरंच काहीच होत नाही का?

घाटवाला:
आधी पॉलिसीत ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर आहे का बघा, नुसती थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरती) असेल तर आगीचा एक रुपया मिळत नाही. आणि गाडी भंगारात देऊ नका, गॅरेजवाला पार्किंगच्या भाड्यासाठी मागे लागला तरी नाही.

सर्व्हे_लाइनमधला:
ताई, विसरू नका अजिबात. 14 वर्षं मोटर क्लेम बघतोय. ओन डॅमेजमध्ये पहिलाच धोका आग, स्फोट, आपोआप पेट घेणं आणि वीज असा लिहिलेला असतो, म्हणजे गाडी स्वतःहून पेटली तरी कव्हर आहे. किटची नोंद करायला हवी होती, ती चूक तुमच्याकडून झालीच, किटच्या किमतीवर साधारण 4 टक्के जादा प्रीमियम लागतो तो कंपनीला मिळाला नाही. पण त्यामुळे किटचे पैसे जातील, किंवा क्लेममधून काही कापतील, अख्खी गाडी नाकारणं ही वेगळी गोष्ट आहे. 2010 साली अमलेंदु साहू केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच धरलं, तिथे खासगी गाडी भाड्याने चालवली होती तरी क्लेम पूर्ण नाकारू नका, नॉन-स्टँडर्ड (अट मोडलेला, म्हणून कापून द्यायचा क्लेम) म्हणून काही भाग द्या असं सांगितलं. तुमचा सगळा भर एकाच प्रश्नावर ठेवा, आग सीएनजीमुळे लागली का? सर्व्हे रिपोर्टची कॉपी लेखी मागा आणि त्यात आगीचं कारण काय लिहिलंय ते बघा.

पुणे_शॉर्टसर्किट:
माझ्या गाडीत बाहेरून लावलेल्या एलईडीचं कारण काढून आगीचा क्लेम नाकारला होता, "इलेक्ट्रिकल ब्रेकडाऊन कव्हर नाही" म्हणाले. अहो बिघडलेली वायर कव्हर नसेल, पण तिच्यामुळे लागलेली आग? आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, एक महिना उत्तरच नाही, मग विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे) गेलो. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची तक्रार घेतात, मात्र नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं. नाशिकसाठी पुण्याचं ऑफिस. निकाल मान्य नसेल तर ग्राहक आयोग आहेच, तिथे 2 वर्षांची मुदत, फक्त आयोगात केस चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत म्हणून आधी लोकपाल. माझ्याकडे अग्निशमनचा दाखला होता, त्यात आग बॉनेटकडून सुरू झाली असं स्पष्ट होतं, तोच कागद कामी आला. तुमचा काढलाय का?

नाशिकची_ताई:
नाही हो, बंब आला होता पण दाखला मागायचं सुचलंच नाही, पोलिसांचा पंचनामा तेवढा आहे. त्यात "पुढील भाग जळालेला, मागील टाकी सुस्थितीत" असं लिहिलंय, आत्ता काढून वाचलं.

सर्व्हे_लाइनमधला:
मग तेच वाक्य मेलमध्ये जसंच्या तसं टाका! दाखल्यासाठी उद्याच अर्ज द्या, उशिरा मागितला तरी देतात. आणि कंपनी थोडी रक्कम देऊ करून "फुल अँड फायनल"वर (यापुढे काही मागणार नाही असा कागद) सही मागेल, घाईत करू नका. गाडी बँकेकडे तारण आहे ना, पैसे आधी तिकडे जातील, म्हणून बँकेलाही लेखी कळवा.

नाशिकची_ताई:
मिस्टर सकाळी बंबवाल्यांकडे जातायत. मी मेल लिहायला बसले, लिहून झाला की इथे टाकते, एकदा बघाल का?