पाळी येणार आहे की दिवस राहिलेत? यावेळी खरंच वेगळं वाटतंय

वहीवाली:
प्रयत्नांचा सातवा महिना. पाळी 28-29 दिवसांनी येते, आज 25वा दिवस. परवापासून छाती इतकी जड झालीय की जिना उतरताना हाताने आधार द्यावा लागतो. ओटीपोटात बारीक ओढ आहे. काल नवऱ्याच्या शेव्हिंग क्रीमच्या वासाने मळमळलं. आज सकाळी एक तपकिरी डाग दिसला, एकच. एरवी पाळीआधी मी घरात कुणाला बोलू देत नाही, यावेळी चिडचिड अजिबात नाही, नुसती झोप येते. बसल्या बसल्या.

सकाळी टेस्ट केली, एकच रेघ. अर्ध्या तासाने कचऱ्यातून काढून पुन्हा पाहिली (हसू नका) तर दुसऱ्या जागी राखाडी काहीतरी दिसलं. पाळीआधी कधीच नसतं आणि दिवस राहिल्यावरच असतं, असं एखादं लक्षण तुमच्यापैकी कुणाला सापडलंय का?

खिडकीपाशी:
नाही गं. मी दीड वर्ष शोधलं. स्त्रीबीज बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं, गर्भ राहो न राहो. छाती दुखणं, पोट फुगणं, झोप, रडू, सगळी त्याचीच कामं. गर्भ राहिला नाही तर ते उतरतं आणि पाळी येते, राहिला तर चढंच राहतं. म्हणजे या आठवड्यात दोन्हीकडचं शरीर जवळपास सारखंच वागतं.

तुझा हिशेब मांडू. स्त्रीबीज 14-15व्या दिवशी सुटलं असेल तर आज दहा-अकरा दिवस झाले. गर्भ रुजायलाच सहा ते बारा दिवस लागतात, आणि टेस्ट जे एचसीजी हे हार्मोन शोधते ते रुजल्यानंतर तयार व्हायला लागतं. मग साधारण दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट. आज एक रेघ आली याचा अर्थ ‘नाही’ असा नाही आणि ‘हो’ असाही नाही, फार लवकर केलीस एवढाच आहे. राखाडी रेघ विसर. किटवर लिहिलेली वेळ उलटली की लघवी वाळून तशी सावली उमटते. खऱ्या रेघेला रंग असतो, फिका का होईना.

मळमळीचं म्हणशील तर ती बहुतेकींना पाळी चुकल्यावर, पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते. ज्या महिन्यात मला दिवस राहिले त्या महिन्यात मला काहीही झालं नव्हतं. पर्समध्ये पॅड टाकून लग्नाला गेले होते.

रोज उठायच्या आधी तापमान मोजतेस का? स्त्रीबीज सुटलं की ते थोडं चढतं, पाळी आली की उतरतं. अठरा दिवसांहून जास्त चढं राहिलं तर मात्र आशेला जागा असते.

दोनदा_मोजा:
डागावरून काही ठरवू नकोस. रुजताना थोडा डाग पडू शकतो हे खरं, पण मला दर महिन्याला पाळीच्या दोन दिवस आधी हुबेहूब तसाच पडतो. तपकिरी म्हणजे रक्त जुनं, इतकंच.

एक विचारू? कसल्या गोळ्या चालू आहेत का? ‘यावेळी वेगळं’ म्हटलं की मी आधी हेच विचारते.

वहीवाली:
हो. या महिन्यात पहिल्यांदाच डॉक्टरांनी 16व्या दिवसापासून रात्री एक गोळी दिलीय, चौदा दिवस. नाव बघते… प्रोजेस्टेरॉनच आहे. अरे देवा.

दोनदा_मोजा:
मग झोप कुठून आली ते कळलं! छाती आणि पोटाची ओढसुद्धा त्याने वाढू शकते. आणि गोळ्या चालू असताना पाळी लांबू शकते, त्यामुळे तारीख उलटली म्हणून लगेच हुरळू नकोस. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद मात्र करू नकोस, मी केल्या होत्या आणि बोलणी खाल्ली. डॉक्टरांनी टेस्टसाठी दिलेल्या दिवशी सकाळची पहिली लघवी घे. स्त्रीबीज सुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असशील तर तेही सांग, कारण त्याने काही दिवस खोटी दुसरी रेघ येते.

खिडकीपाशी:
तापमानाचं मी सांगितलेलं या महिन्यापुरतं रद्द. प्रोजेस्टेरॉन घेताना ते तसंही चढंच राहतं.

निळीशाई:
मध्येच बोलते, पण हे राहायला नको. एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली किंवा खांद्याच्या टोकाशी दुखायला लागलं तर थेट दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी. रक्त जात असलं तरी ‘पाळीच आली’ म्हणून घरी थांबायचं नाही. माझा गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला होता आणि मी दोन दिवस पाळीच समजत होते. फॉलिक अ‍ॅसिड घेत असशीलच, रोजचं 400 मायक्रोग्रॅम. नसशील तर आजच डॉक्टरांना विचार.

वहीवाली:
फॉलिक चालू आहे, इंजेक्शन नाही. पोट तितकं दुखत नाही, पण लक्षात ठेवते.

वही काढून बसले होते. सातपैकी चार महिन्यांत 24 ते 26व्या दिवसाच्या रकान्यात ‘यावेळी वेगळं वाटतंय’ असं माझ्याच अक्षरात आहे. एकदा तर दोनदा अधोरेखित. शेव्हिंग क्रीमही सापडलं, तिसऱ्या महिन्यात.

टेस्ट 30व्या दिवशी, त्याआधी नाही. उरलेली दोन किटं नवऱ्याला लपवून ठेवायला दिलीत. तो सगळं मोज्यांच्या कप्प्यात लपवतो, तेवढीच एक अडचण आहे.