तुरीच्या मुळांवरच्या गाठीतला बॅक्टेरिया, 16एस (बॅक्टेरिया ओळखायला वापरतात तो जीन) 98.2% जुळलंय. नवीन स्पीशीज म्हणायची का? मदत हवी आहे

मंडळी नमस्कार, मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करतोय, प्रोजेक्ट मराठवाड्यातल्या काळ्या रानातल्या तुरीवर आहे. फुलोऱ्याच्या आधी झाडं मुळासकट खोदून आणली, आतून गुलाबी निघणाऱ्या गाठी घेतल्या, 70% अल्कोहोल आणि मग हायपोक्लोराइटने धुवून ठेचल्या आणि काँगो रेड (लाल रंग, रायझोबियम म्हणजे गाठी करणारे बॅक्टेरिया तो सहसा ओढत नाहीत) घातलेल्या वायईएमए (यीस्ट-मॅनिटॉल आगर) प्लेटवर पसरवल्या. शेवटच्या धुण्याचं पाणी पण प्लेटवर टाकलं होतं, त्यात काही उगवलं नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी बारीक पांढऱ्या चिकट कॉलनी दिसल्या, ब्रोमोथायमॉल ब्लूवर (आम्ल-अल्कली दाखवणारा रंग) मीडिया निळा झाला, म्हणजे ब्रॅडीरायझोबियम (हळू वाढणारा, अल्कली करणारा रायझोबियम) असावा असं धरून चाललोय.

16एसचं सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेतलं, एकाच प्रायमरने (म्हणजे एकाच बाजूने), 700 च्या आसपास बेस मिळालेत. ब्लास्टमध्ये (सिक्वेन्स डेटाबेसशी जुळवायचं टूल) सगळ्यात वर 'अनकल्चर्ड बॅक्टेरियम' आणि नाव असलेल्यात जवळचा 98.2%. गाईड म्हणतात नवीन आहे, नाव शोधायला लाग :) मला काही पटत नाहीये, पुढे काय करू?

पेट्रीडिश: नाव राहू दे सध्या. जीन साधारण 1500 बेसचा, तुझ्याकडे अर्धाच आहे, आणि सँगर रीडची (अशा सिक्वेन्सिंगमधून मिळालेल्या तुकड्याची) दोन्ही टोकं कचरा असतात, तिथले चारदोन चुकीचे बेस टक्का सहज खाली ओढतात. क्रोमॅटोग्राम (सिक्वेन्सिंगचा आलेख) उघडून बघ, त्यातली शिखरं एकमेकांवर चढलीत तिथून काप. मग 27एफ आणि 1492आर या दोन प्रायमरनी दोन्हीकडून करून जोड आणि ब्लास्टपेक्षा इझीबायोक्लाउडवर टाक, तिथे टाइप स्ट्रेनशी (स्पीशीजचा अधिकृत नमुना) तुलना होते. 98.7 च्या खाली आलं तर आशा आहे. पण ब्रॅडीरायझोबियममध्ये उलटा घोळ, 16एस 99 च्या वर जुळूनही स्पीशीज वेगळ्या निघतात, म्हणून रेकए, जीएलएनटू, एटीपीडी हे जीन बघावेच लागतात. शेवटचा निकाल जीनोमवरच, एएनआय (दोन जीनोम सरासरी किती टक्के सारखे) 95-96 च्या खाली आणि डिजिटल डीडीएच (जीनोमच्या साम्याचं दुसरं माप, तेही टक्क्यांत) 70 च्या खाली. त्यासाठी जर्मनीच्या डीएसएमझेड या कल्चर कलेक्शनची टीवायजीएस ही वेबसाइट फुकट आहे.

गाठाळ: त्याआधी तो बॅक्टेरिया परत तुरीवर लावून गाठी येतात का बघ रे. गाठीत बॅसिलस, ॲग्रोबॅक्टेरियम असे पाहुणेही राहतात. ऑटोक्लेव्ह केलेल्या वाळूत रोपं, नायट्रोजन नसलेलं खत-पाणी, आणि एक कुंडी बिनकल्चरची (बॅक्टेरिया न घातलेली). तिच्यात गाठी आल्या तर सगळं परत कर. काँगो रेडच्या प्लेट अंधारात ठेवल्या होत्यास ना? उजेडात रायझोबियमसुद्धा रंग ओढतो.

आणि नवीन निघालाच तर कल्चर दोन वेगळ्या देशांतल्या कलेक्शनमध्ये जमा करावं लागतं, पुण्यात एनसीएमआर हे कलेक्शन आहे, दुसरं बाहेरच्या देशातलं. बाहेर पाठवायला नॅशनल बायोडायव्हर्सिटी ऑथॉरिटीचे नियम आहेत, ते गाईडना आत्ताच विचारून ठेव. एकाच स्ट्रेनवर पण थांबू नकोस, दुसऱ्या शेतातल्या गाठीही घे.

धागाकर्ता: प्लेट अंधारातच होत्या. दोघांनाही थँक्यू, आधी कुंड्या लावतो. नदीची वाळू चालेल का?

गाठाळ: चालेल, पण पाणी नितळ येईपर्यंत धू, तिच्यातल्या गाळात नायट्रोजन असतो आणि मग गाठीच येत नाहीत.