काळ्या-पांढऱ्या ब्रिटिश सिनेमातलं हे फाटक कुठलं?

मिचमकर:

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, पण विचारतोच.

बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे लंडनला आलेत. आम्ही दोघं कामावर, बाहेर पावसाची रिपरिप, म्हणून त्यांना 'टॉकिंग पिक्चर्स' वाहिनी लावून दिली. तिच्यावर दिवसभर जुने, तासाभराचे गुन्हेगारीपट चालू असतात. इंग्रजी संवाद त्यांना निम्मेच कळतात, पण त्यावाचून त्यांचं काही अडत नाही. नोकरी सगळी भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक म्हणून गेली, त्यामुळे खून कुणी केला यापेक्षा तो कुठे केला याचीच त्यांना पडलेली. मी दारात बूट काढत असतानाच आतून प्रश्न येतो, "ही गल्ली कुठली रे?"

परवाच्या सिनेमाची सुरुवात हुकली, त्यामुळे नाव सांगता येत नाही. बाबांनी टीव्हीचेच मोबाइलवर फोटो काढून ठेवलेत. पहिल्यात एक माणूस धापा टाकत रेल्वे फाटकाशी येतो, फाटक बंद, समोरून दोन डब्यांची गाडी जातेय. वर तारा नाहीत, इंजिनाचा धूर नाही, पण रुळांच्या शेजारी जमिनीवर आणखी एक रूळ दिसतो. दुसऱ्यात तोच माणूस दुमजली दुकानांच्या रांगेसमोरून पळतोय. कोपऱ्यावरच्या दुकानाला वर त्रिकोणी माथा आणि त्याला लागून ओळीनं चार धुरांडी. समोर उभ्या व्हॅनवर एका पावाचं चित्र, खाली एल-आय-बी अशी मोठी अक्षरं आणि पुढे चार आकडे. मी म्हटलं लायब्ररीची गाडी असेल. बाबा म्हणाले, "लायब्ररीच्या गाडीवर पाव कशाला काढतील?"

व्हॅनच्या नंबरप्लेटवर शेवटी वर्षाचं अक्षर नाही. सावल्या लांबच लांब आहेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा, म्हणजे मला संध्याकाळी सुखानं चहा मिळेल.

निवांत_नाना:

ईलिंग. डोळे झाकून. जुने ब्रिटिश सिनेमे सगळे तिथेच व्हायचे.

कल्याण_यार्ड:

नाना, डोळे उघडा. :)

मिचमकर, शेजारचा जो रूळ म्हणताय त्यातून वीज जाते. आपल्या लोकलला डोक्यावर तार असते, तसा तिकडे दक्षिणेकडच्या गाड्यांना जमिनीवर तिसरा रूळ. फाटकाच्या रस्त्यावर तो तुटलेला आणि पलीकडे पुन्हा सुरू झालेला दिसतोय का बघा. गाडी भुयारी रेल्वेची असती तर दोन रुळांच्या मधोमध चौथाही दिसला असता. चौथा नसेल तर ही ब्रिटिश रेल्वेच्या सदर्न रीजनची (दक्षिण विभागाची) गाडी, म्हणजे टेम्सच्या दक्षिणेला शोधा. ईलिंग नदीच्या उत्तरेला आहे, ते बाद. फलाट दिसत असेल तर दिव्याचे खांब काँक्रीटचे आहेत का तेही पाहा. सदर्नवाल्यांचा एक्झेटरजवळ स्वतःचा काँक्रीटचा कारखाना होता. खांब, कुंपणं, पादचारी पूल, सगळं तिथूनच यायचं.

नंबरप्लेटवरून वर्ष काढलंत ते ठीक, पण जपून. वर्षाचं अक्षर १९६३ पासून लागायला लागलं, तेही सगळीकडे एकदम नाही.

टेम्सकाठची:

लायब्ररी नव्हे हो, लिबर्टी!

त्या काळी लंडनच्या फोन नंबरात आधी एक्स्चेंजच्या नावाची तीन अक्षरं असत, मग चार आकडे. डायलवर आकड्यांच्या भोकांत अक्षरंही छापलेली असायची. १९६६ पासून अक्षरं जाऊन नुसते आकडे आले. एल-आय-बी म्हणजे लिबर्टी एक्स्चेंज, फिरवलंत की होतं ५४२. आता विंबल्डनच्या खालच्या अंगाला, मर्टनकडे, दुकानांच्या पाट्या वाचा. ०२० नंतर ८५४२ दिसेल. अक्षरं गेली, आकडे अजून तिथेच बसलेत. वॉन्डल नदीकाठी लिबर्टी या लंडनच्या प्रसिद्ध दुकानवाल्यांचा कापडछपाईचा कारखाना होता, तोच हा भाग. आणि पाववाला काही चाळीस मैल लांब पाव पोचवायला जात नाही.

मर्टन म्हटल्यावर पुढचं सोपं. २६९ किंग्स्टन रोड, मर्टन पार्क स्टुडिओ. लहानसाच होता, १९६७ साली बंद पडला. धुक्यात गरगर फिरणारा अर्धपुतळा सुरुवातीला दाखवणारे एडगर वॉलेस मालिकेतले सिनेमे बाबांनी पाहिले असतीलच, ते तिथलेच. दोन-तीन आठवड्यांत सिनेमा उरकायचा, हातात पैसे बेताचे, मग माणसं आणि दिवे ट्रकमध्ये घालून लांब जायचं कुणी? स्टुडिओच्या फाटकातून बाहेर पडायचं आणि पहिली बरी गल्ली दिसली की कॅमेरा मांडायचा. म्हणून मी गल्लीच्या मागे लागण्याआधी स्टुडिओ शोधते.

आणि त्याच किंग्स्टन रोडला मर्टन पार्क स्टेशनापाशी विंबल्डन–वेस्ट क्रॉयडन मार्ग कापतो, फाटकानं. तिसऱ्या रुळाचाच मार्ग. रेल्वे १९९७ मध्ये बंद झाली, २००० पासून तिथून ट्राम जाते. मिचमकर, तुम्ही विंबल्डनला ट्रामनं जात असाल तर बाबांचं ते फाटक तुम्ही रोज ओलांडताय.

पण दुकानं तिथेच असतील असं धरून चालू नका. यात मी स्वतः चांगलीच आपटले आहे. मी १९७४ साली लग्न होऊन नाशिकहून वॉल्टनला आले. तिथला नेटलफोल्ड स्टुडिओ १९६१ लाच मिटला होता, पण गावात त्याच्या आठवणी सांगणारे पुष्कळ. पुढे ग्रंथालयात स्थानिक इतिहासाच्या कपाटाशी बावीस वर्षं बसले. एकदा एका सिनेमातलं घर शोधायला घेतलं. पुढचं दार वॉल्टनमध्ये लगेच सापडलं. नायक मागच्या दारानं बाहेर पडतो ती बाग काही सापडेना. चार महिने मी त्या घराच्या मागच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या, एका बाईंनी तर मला चोर समजून हटकलं. शेवटी कळलं की बाग नदीपलीकडची, दुसऱ्याच गावातली! पडद्यावर दोन पावलं, जमिनीवर पाच मैल. या लोकांना त्यात काही गैर वाटत नसे. ब्रे इथल्या, भयपट काढणाऱ्या हॅमर कंपनीचंच घ्या ना. शेजारचं ओकली कोर्ट हे घर त्यांनी पुन्हापुन्हा वापरलं, आणि ब्लॅक पार्कमधली पाइनची झाडं घोडागाडी दौडवून ट्रान्सिल्व्हेनिया म्हणून खपवली.

तेव्हा फाटक आणि दुकानं असे दोन वेगळे तपास करा. दुकानांत पाट्या, काचा, दारं यांच्याकडे बघूच नका, ती दहादा बदलली असतील. पहिल्या मजल्याच्या वर बघा. त्रिकोणी माथा आणि धुरांडी पाडायला खर्च येतो, म्हणून ती टिकतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशाखात्याचे जुने मोठ्या प्रमाणाचे नकाशे फुकट आहेत, शेजारी आजचं उपग्रहचित्र ठेवून बघता येतात. बाबांना ते उघडून द्या. मग टीव्ही आपोआप बंद होईल.

अवांतर: लांब सावली म्हणजे हिवाळाच असं नाही, सकाळ-संध्याकाळही असेल. डिसेंबरात मात्र लंडनला भर दुपारीही सूर्य पंधरा-सोळा अंशांच्या फारसा वर चढत नाही. हा हिशोब बाबांना मी शिकवायला नको.

निवांत_नाना:

ईलिंग मागे घेतो.

मिचमकर:

ताई, साष्टांग नमस्कार. रोज त्याच फाटकावरून जातो आणि मान खाली घालून मोबाइल बघत असतो.

शनिवारी बाबांना घेऊन गेलो. निघण्याआधी त्यांनी जुना नकाशा छापून घेतला, रूळ रस्त्याला ज्या कोनात कापतात तो कोनमापकानं मोजला, आणि फोटोतल्या कोनाशी ताडून "जुळतोय" म्हणाले. तिथे पोचल्यावर मात्र बोलेनात. फोटो हातात धरून रस्त्याच्या एका बाजूला उभे राहिले, मग दुसऱ्या, मग मला ढकलून माझ्या जागी. तेवढ्यात ट्राम आली. ती जाईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "कॅमेरा इथे होता. माणसाच्या छातीच्या उंचीवर, जास्त नाही."

कल्याण_यार्ड, तिसरा रूळ रस्त्यावर तुटलेला आहे, फोटो मोठा करून पाहिला. चौथा नाही.

दुकानं तिथली नाहीत. बाबांना ते मान्य नव्हतं, म्हणून आम्ही किंग्स्टन रोड दोन्ही बाजूंनी चाललो, ते पुढे, मान वर, वहीत धुरांड्यांची संख्या टिपत. एका न्हाव्यानं बाहेर येऊन विचारलं, तुम्ही कौन्सिलकडून आलात का? बाबांनी होकारार्थी मान हलवली.

तर फाटक सुटलं, दुकानं बाकी. त्रिकोणी माथा, लागून चार धुरांडी, त्यातलं डावीकडून दुसरं जरा बुटकं. मर्टन, मॉर्डन, कॉलियर्स वूडकडे राहणाऱ्यांनी कृपया वर बघत चालावं. बाबांचं परतीचं तिकीट अठरा तारखेचं आहे.