उमेदवाराचा निवडणूक खर्च मतदाराला तपासता येतो का?

येरळाकाठ:
सांगली जिल्ह्यात विधानसभेच्या प्रचारात ढाब्यांवर जेवणावळी उठतात, गाड्यांचे ताफे फिरतात. हिशेबात मात्र खर्च मर्यादेच्या आत. मतदाराला हा हिशेब बघता येतो का? खोटा वाटला तर काय करायचं?

मिरज_जंक्शन:
येतो, आणि बघायलाच हवा. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवार हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे देतो, म्हणजे आपल्याकडे विजयनगरच्या कलेक्टर कचेरीत. तो आला की दोन दिवसांत नोटीस बोर्डावर सूचना लागते. १९६१ च्या निवडणूक नियमांतल्या नियम ८८ प्रमाणे एक रुपया भरून कुणीही तो पाहू शकतो. साक्षांकित प्रतीची फी वेगळी.

पण नुसत्या उमेदवाराच्या वहीवर थांबू नका. निवडणूक यंत्रणेच्या खर्च पथकाची स्वतःची छाया निरीक्षण नोंदवही असते. सभेच्या चित्रीकरणावरून खुर्च्या, मंडप, गाड्या मोजून जिल्ह्याच्या दरपत्रकाने त्यात रक्कम लावलेली असते. दोन्ही वह्या तारीखवार शेजारी ठेवा. एका व्यक्तीला किंवा दुकानाला संपूर्ण प्रचारात १०,००० रुपयांवर रोख देता येत नाही, त्यामुळे एकाच मंडपवाल्याची तुकडे केलेली बिलं आधी शोधा.

मर्यादा ओलांडल्याचं दिसलं तर मतदारसंघातला कोणताही मतदार उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करू शकतो, पण निकालापासून ४५ दिवसांतच. हिशेब तिसाव्या दिवशी आला तर हातात पंधराच दिवस उरतात. वकील आधीच बघून ठेवा.

हळदपेठ:
ढाब्याचं जेवण वहीत शोधू नका. मतदाराला जेवू घालणं म्हणजे लाच, ती वहीत लिहिली तरी कायदेशीर होत नाही. ती जागेवरच पकडावी लागते. आचारसंहितेच्या काळात निवडणूक आयोगाचं तक्रारीचं सी-व्हिजिल ॲप उघडून त्यातूनच फोटो किंवा व्हिडिओ काढा. गॅलरीतला जुना फोटो ते घेत नाही. नाव न देताही तक्रार करता येते, आणि १०० मिनिटांत कारवाई अपेक्षित आहे. ढाब्याची पाटी आणि गाड्यांचे नंबर फ्रेममध्ये घ्या, नाहीतर पथक पोचेपर्यंत पंगत उठलेली असते.

माणदेशी:
मूळ भोक कायद्यातच आहे. विधानसभेची ४० लाखांची मर्यादा फक्त उमेदवाराला, तीही अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत. पक्षाला मर्यादाच नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्या हिशेबात धरला होता, पण त्याच वर्षी सरकारने कायदा बदलून तो वगळला. आज स्टार प्रचारकाच्या हेलिकॉप्टरचा खर्चही उमेदवाराच्या वहीत येत नाही. उमेदवार त्याच्यासोबत मंचावर बसला की सभेचा खर्च मात्र धरला जातो. म्हणून सभेच्या चित्रीकरणात मंचावर कोण बसलं होतं ते नीट पाहा.