मदत हवी आहे: सामोआच्या तुइलाएपांवर काय वाचावं?

मंडळी, पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या बेटदेशाचे तुइलाएपा साइलेले मालिएलेगाओई यांच्यावर दीर्घ लेख लिहायला घेतलाय. १९९८ ते २०२१ सलग पंतप्रधान! ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधून स्वस्त गाड्या आणता याव्यात म्हणून २००९मध्ये त्यांनी अख्ख्या देशाची वाहतूक उजवीकडून डावीकडे आणली. २०११मध्ये देशाला आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे उडी मारायला लावली, तेव्हा ३० डिसेंबर हा दिवस तिथे उगवलाच नाही. इतकी धडाडी मला खरोखर भावते.

अडलंय ते शेवटाशी. एप्रिल २०२१ची निवडणूक हरल्यावरही ते खुर्ची सोडेनात. २४ मे रोजी संसदेला कुलूप होतं, म्हणून त्यांच्याच एकेकाळच्या उपपंतप्रधान फियामे नाओमी माताआफा यांनी आवारात तंबू ठोकून पंतप्रधानपदाची शपथ घेतली. जुलैमध्ये अपील न्यायालयाने ती वैध ठरवली. एवढा मुरलेला माणूस असा का वागला, हे समजल्याशिवाय लेख पुढे सरकत नाही.

२०२०च्या जमीन आणि पारंपरिक पदव्यांच्या न्यायालयाविषयीच्या कायद्यांवर, आणि मताई म्हणजे कुळप्रमुखांचं मत निवडणुकीत कसं फिरतं यावर चांगलं वाचन कुणी सुचवेल का? ऑकलंडमध्ये राहणाऱ्या कुणाचे सामोअन शेजारी किंवा सहकारी असतील, तर तिथली मंडळी तुइलाएपांबद्दल काय बोलतात तेही कळवा. इंग्रजी लेख चालतील.