एकच दुनळी घ्यायची तर २० बोअर

शिकारीसाठी एकच दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची छर्ऱ्यांची बंदूक, घ्यायची तर कोणत्या बोअरची (नळीच्या मापाची; आकडा मोठा तशी नळी अरुंद), या प्रश्नावर बहुतेकांनी १२ बोअरचाच आग्रह धरलाय. पण तितर-लाव्यांमागे दिवसभर चढ-उतार तुडवायचे असतील, तर मी २० बोअरच सुचवेन. तीन किलोच्या आतली बंदूक दमलेल्या हातांनीही झटकन खांद्याला लागते, आणि काडतुसातले २५ ग्रॅम छर्रे तीसेक मीटरपर्यंत पुरतात.

खरा मुद्दा चोकचा, म्हणजे नळीचं तोंड किती आवळलेलं आहे याचा; आवळलेल्या नळीतून छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतात. पहिली नळी मोकळी हवी, दुसरी जरा आवळलेली, कारण दुसऱ्या बारापर्यंत पाखरू लांब गेलेलं असतं. म्हणूनच दोन चापांची, प्रत्येक नळीला वेगळा चाप असलेली घ्या: पाखरू लांबूनच उठलं तर थेट मागचा चाप ओढून आवळलेली नळी वापरता येते.

दस्ता (खांद्याला टेकणारा लाकडी भाग) अंगाला बसतो का, हे मात्र सगळ्यात आधी बघा. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून डोळे मिटून खांद्याला लावा. डोळे उघडताच नजर नळ्यांमधल्या पट्टीवर सरळ यायला हवी.