नव्वदच्या दशकातलं अनवट जपानी आणि मेक्सिकन रेसलिंग: सगळं कौतुक एकाच मॅचला का?

अनवट:
नव्वदच्या जपानी रेसलिंगचा विषय निघाला की सगळे ३ जून १९९४ च्या टोकियोतल्या बुदोकान सभागृहापाशी येऊन थांबतात. मित्सुहारु मिसावा विरुद्ध तोशिआकी कावादा. थोर कुस्ती आहे, त्यात वाद नाही. दोघे एकाच शाळेतले, मिसावा एक वर्ष पुढे आणि कावादा आयुष्यभर मागे. पण त्या दशकात बघण्यासारखं एवढंच होतं का? आणि मेक्सिकोचं तर कुणी नावही काढत नाही. काढलंच तर उड्यांसाठी.

३ एप्रिल १९९२, मेक्सिको सिटीतलं आरेना मेहिको. ब्लू पँथर विरुद्ध लव्ह मशीन, मुखवट्याविरुद्ध मुखवटा. तिथे मुखवटा म्हणजे नुसता पोशाख नसतो. हरणाऱ्याला तो भर रिंगमध्ये काढावा लागतो, खरं नाव सांगावं लागतं, आणि पुन्हा तो घालता येत नाही. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या. पँथर रुदो, म्हणजे खलनायकाच्या बाजूचा, पण पकडींचा उस्ताद. लव्ह मशीन हा अमेरिकन आर्ट बार, लोकांचा लाडका. आणि शेवट कशाने झाला? लव्ह मशीनने मार्तिनेते मारला. समोरच्याला उलटं धरून डोकं मॅटवर आपटायचं, तो डाव. मेक्सिकोत त्याला बंदी आहे. तो बाद झाला आणि त्याचा मुखवटा गेला. वर्षाची एवढी मोठी मॅच नियमाच्या एका कलमावर संपते आणि तरी ती फसल्यासारखी वाटत नाही. मला यापेक्षा चांगला शेवट माहीत नाही. माझ्या लेखी ही मॅच बुदोकानच्या बरोबरीची आहे.

लालमाती:
दादा, तुमचं प्रेम दिसतंय, पण शब्द जपून वापरा. लहानपणी मी चार वर्षं तालमीत होतो. निकाल आधी ठरलेला असेल तर आमच्याकडे त्याला नुरा कुस्ती म्हणतात आणि अशा पैलवानाला पुढच्या मैदानात कुणी बोलावत नाही. खासबागेत लोक दिवसभर उन्हात बसतात, कारण पुढच्या क्षणी काय होईल हे खुद्द पैलवानालाही माहीत नसतं. ते नसेल तर उरतं ते नाटक. नाटकाला नाटक म्हणा, माझी हरकत नाही. पण त्याला थोर कुस्ती म्हणू नका.

अनवट:
नुरा कुस्तीचा राग येतो तो फसवणुकीचा. तिकीट खऱ्याचं घेतात आणि दाखवतात खोटं. इथे निकाल ठरलेला असतो हे प्रेक्षक जाणूनच आलेला असतो. कोकणात दशावतार बघणारा रात्रभर बसतो. राक्षस मरणार हे त्याला पहिल्यापासून माहीत असतं, म्हणून तो उठून जातो का? तरी तुमचा मुद्दा अर्धा मान्य करतो. यापुढे 'कुस्ती' ऐवजी 'रेसलिंग'च म्हणेन. खासबागेशी तुलना करायची नाही.

रात्रपाळी:
मला वेगळाच आक्षेप आहे. "अनवट" म्हणजे कुणासाठी अनवट? आरेना मेहिको ही काही गल्लीतली तालीम नाही. १९३३ पासून चालत आलेल्या कंपनीचं ते माहेरघर. ब्लू पँथरची ती मॅच मेक्सिकोत शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. आपण अमेरिकन केबलवर वाढलो, अंडरटेकरचे पत्ते जमवले, म्हणून ती आपल्याला अनोळखी. त्याचं श्रेय आपल्या चोखंदळपणाला कशाला द्यायचं? आणि बुदोकानची मॅच गाजली ती चांगली होती म्हणूनच. गाजलेल्याचा हा तिटकारा मला पटत नाही.

अनवट:
हे बरोबर आहे, शीर्षकात दुरुस्ती हवी होती. "आपल्याकडे न पोचलेलं" म्हणायला हवं. पण मग न पोचलेलं पोचवणं हेच तर माझं काम झालं ना! आरेना कोलिसेओतल्या साध्या आठवड्याच्या सामन्यात एल दांदी किंवा सातानिको यांची पकडींची गुंफण बघा. एका हातापासून सुरू होऊन सगळं शरीर कसं अडकत जातं ते दिसतं. गिरक्या मारणाऱ्यांच्या क्लिपा सगळीकडे फिरतात, ही गुंफण फिरत नाही. कारण ती वीस सेकंदांत कळत नाही.

कॅसेटवाली:
एवढं सगळं लिहिलंत आणि बायकांचं एक अक्षर नाही! २ एप्रिल १९९३, योकोहामा अरेना, अकिरा होकुतो विरुद्ध शिनोबु कांदोरी. कांदोरी जागतिक ज्युदो स्पर्धेतली पदकविजेती आणि दुसऱ्या कंपनीची. सुरुवातीलाच ती होकुतोचा खांदा पिरगळते आणि पुढचा जवळजवळ सगळा वेळ होकुतो एका हाताने लढते. रक्त डोळ्यांत उतरतं. शेवटी डाव संपतात आणि मुठी उरतात. माझ्याकडे तिची कॉपीवरून कॉपी केलेली कॅसेट होती, चित्र इतकं फुटायचं की रक्त काळं दिसायचं. तरी मी ती किती वेळा लावली असेन. मानामी तोयोता आणि क्योको इनोउए १९९५ च्या मे महिन्यात पूर्ण ६० मिनिटं लढल्या, बरोबरी झाली. पुरुषांच्या कुठल्याही यादीशेजारी ठेवून बघा.

आणि मुखवट्यावर बोलताय तर १९ सप्टेंबर १९९७ ला कसे विसरलात? एल सांतोचा मुलगा विरुद्ध नेग्रो कासास, मुखवट्याविरुद्ध केस: हरला तर एकाचा मुखवटा जाणार, दुसऱ्याचे केस. बापाने जवळजवळ अख्खं आयुष्य मुखवट्यात काढलं, देशाचा नायक झाला. आणि मुलगा १९९६ मध्ये रुदो झाला. त्या घरातला माणूस खलनायक! पुढच्या वर्षी त्याने कासासचे केस उतरवले. त्याआधीचं वर्षभर बघितलं नसेल तर त्या कात्रीचा अर्थ कळत नाही.

फिजिओ:
मी रोज माना बघते. तुम्ही सगळे ज्याचं कौतुक करताय ते मला बघवत नाही. बुदोकानची ती मॅच संपली 'टायगर ड्रायव्हर ९१' ने. त्यात माणूस थेट मानेवर पडतो. त्या दशकात तिथे असे डाव वाढतच गेले, कारण कालचा डाव आज पुरेना. मिसावा १३ जून २००९ ला हिरोशिमात साध्या बॅकड्रॉपनंतर, म्हणजे मागून उचलून आपटण्याच्या डावानंतर, रिंगमध्येच कोसळला आणि गेला. वय ४६. हायाबुसा हा दुसरा जपानी रेसलर २००१ मध्ये दोरावरून उडी मारताना घसरला आणि त्याचं शरीर लुळं पडलं. होकुतोची मान १९८७ मध्येच मोडली होती आणि तिने डोकं हातांनी धरून मॅच पूर्ण केली, ही गोष्ट लोक शौर्यकथा म्हणून सांगतात. ही शौर्यकथा नाही. तेव्हा कुणीतरी मॅच थांबवायला हवी होती.

कॅसेटवाली:
ताई, होकुतोबद्दल मीही इतकी वर्षं अभिमानानेच सांगत आले. तुम्ही लिहिलेलं वाचून थांबले. पण मला तिचा हट्ट आवडतो, तो मी काढून टाकू शकत नाही. मॅच थांबवायला हवी होती हे खरं. आणि ती थांबली नाही म्हणून ती मला आठवते, हेही खरं.

अनवट:
फिजिओ, होकुतोची मान मोडली ती मार्तिनेतेनेच, दुसऱ्या दोरावरून मारलेल्या. मेक्सिकोत ज्याला बंदी आहे, तोच डाव. म्हणून मी ब्लू पँथरची मॅच धरून बसलोय. तिथे मान आपटली की गोष्ट संपते आणि आपटणारा सगळं गमावतो. जपानमध्ये त्याच दशकात मान आपटली की प्रेक्षक पाय आपटत, समोरचा पंचाचे तीन मोजून होण्याच्या आत, दोन पूर्णांक नऊवर, खांदा उचली आणि गोष्ट पुढे चाले. मीही टाळ्या वाजवल्यात. आज बुदोकानची मॅच लावली की शेवटच्या पाच मिनिटांत माझा हात रिमोटकडे जातो.

फिजिओ:
नियम असला म्हणून पँथरची मान वाचली का? डाव तर बसलाच.

अनवट:
नाही. त्याला स्ट्रेचरवरून नेतात तो भाग मी दर वेळी बघतो. तो अभिनय असावा असं वाटत राहतं, पण खात्री होत नाही.

लालमाती:
काल रात्री ती मॅच बघितली. पहिल्या फेरीतल्या पकडी खऱ्या जाणकाराच्या आहेत, हे मान्य. मनगट कुठे धरायचं ते पँथरला कळतं. पण निकाल ठरलेला असताना एवढी मेहनत कशाला, हे मला अजून समजलेलं नाही. दुसरी एखादी सांगा, जिच्यात कुणी डोक्यावर पडत नाही. ती वडिलांबरोबर बघेन, तेही तालमीतले.